घरात साखर नाही

"आमच्याकडे साखर नसते," हे वाक्य मी वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होतो. पाहुण्याने चहाचा पहिला घोट घेऊन कपात संशयाने डोकावलं की बायको स्वयंपाकघरातून आणि मी खुर्चीतून एकदमच ते म्हणायचो. चिरंजीव घरात असले तर गंभीर चेहऱ्याने मान डोलवायचे. पाहुणे आमच्या संयमाचं कौतुक करायचे आणि पुढच्या वेळी चहा पिऊनच यायचे. आम्हा तिघांपैकी एकही खरं बोलत नव्हता.

साखर हद्दपार केली ती आक्काने. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. जन्मभर तिने शाळेत विज्ञान शिकवलं, शेवटी मुख्याध्यापिका झाली. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "वर्गभर पोरं ओरडायला आहेत, घरी आणखी एक कशाला?" निवृत्त झाल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, तेव्हा निरोप समारंभात मिळालेलं शाळेचं भिंतीवरचं घड्याळ घेऊनच आली. ते बैठकीत टांगलं गेलं आणि त्याच्या ठोक्यांवर आमचं घर भरू आणि सुटू लागलं. ठोका पडला की चहा, ठोका पडला की आंघोळ. मला याचा त्रास झाला नाही. लहानपणापासून मी तिच्याच वर्गात होतो असं म्हणायला हरकत नाही.

मग तिला मधुमेह निघाला. गोळ्यांनी भागेना, तेव्हा जेवणाआधी इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू झालं. डॉक्टर तिचाच जुना विद्यार्थी. तो एवढंच म्हणाला होता, "बाई, तुम्ही साखर खाऊ नका." पण एकाने काच फोडली की अख्ख्या वर्गाला उभं करायचं, ही आक्काची पद्धत. तिने घरी येऊन सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, "माझ्या एकटीसाठी वेगळा नियम मला चालणार नाही. उद्यापासून घरात साखर नाही." साखरेचा डबा तिने स्वतः रिकामा करून, धुऊन, पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून साखरेच्या चौकोनी वड्यांचा पुडा आणला आणि जाड शब्दकोशांच्या मागे ठेवला. मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली. परत आलेलं पुस्तक मांडणीवर ठेवण्याआधी चाळायची सवय होती, त्यामुळे शरीराबद्दल मला पुष्कळ माहिती आहे आणि तिचा उपयोग मी आजवर कशालाच केलेला नाही. साखर किती वाईट ते मी पानांसकट सांगू शकलो असतो. पण दुपारी वाचताना जिभेवर एखादी वडी विरघळली नाही तर मला ओळ लागत नाही. बायकोने आपली साखर न्हाणीघरात, धुण्याच्या सोड्याच्या डब्यात ठेवली. हे मला कसं कळलं, तर एकदा मी तिला मदत करायला म्हणून कपडे भिजवले आणि ते चिकट झाले. तिने ते निमूटपणे पुन्हा धुतले. मीही काही विचारलं नाही. माझी जागा तिला माहीत होती, कारण मुंग्या. मुंग्यांना आक्काचा धाक नव्हता.

राहिले चिरंजीव. ते लांब पल्ल्याच्या शर्यती धावतात. मधल्या वेळात नोकरी करतात, पण ती किरकोळ बाब. शर्यतीत मध्येच पाय गळू नयेत म्हणून गोड, चिकट जेलची पाकिटं मिळतात, ती ते जुन्या बुटांत दडवून ठेवायचे. त्या बुटांच्या वासामुळे तो साठा सगळ्यात सुरक्षित होता.

म्हणजे ज्या घरात पूर्वी साखरेचा एक डबा होता, तिथे आता तीन होते. आणि तिघांनाही तिन्ही ठाऊक होते. ठाऊक नव्हतं ते फक्त आक्काला.

एकदा मात्र तिने माझ्या शब्दकोशावर मुंग्यांची रांग पाहिली. "पुस्तकाला मुंग्या कशा लागतात रे, धाकट्या?"

मी म्हणालो, "जुनी बांधणी आहे. खळ असते तिच्यात."

मला वाटलं, आता पुस्तक ओढते. पण तिचे डोळे चमकले. "खळ म्हणजे पिष्ट. पिष्ट म्हणजे काय? साखरेचेच कण एकाला एक जोडलेले. मुंगीला कळतं आणि तुम्हाला कळत नाही." आणि उभ्या उभ्या तिने तिचा तो गाजलेला धडा मला शिकवला. गावातली दोन पिढ्यांची माणसं हा धडा झोपेतही म्हणून दाखवतील. आपण खातो त्याची साखर होते आणि रक्तात येते. इन्सुलिन पेशींना दार उघडायला सांगतं. लगेच लागत नाही ती साखर यकृत आणि स्नायू साठवून ठेवतात; त्या साठ्याला ग्लायकोजेन म्हणायचं. कोठार भरून वाहू लागलं की उरलेल्याची चरबी. "आता नीट ऐक," आक्का बोट वर करून म्हणाली. "यकृत साठवतं ते सगळ्या शरीरासाठी. जेवण लांबलं की थोडी थोडी साखर रक्तात सोडतं. आणि स्नायू? स्नायूंनी एकदा आत घेतलेली साखर ते परत रक्तात सोडत नाहीत. स्वतःच वापरतात."

"आणि मेंदू?" मी विचारलं. हा प्रश्न इथे विचारायचा असतो.

"मेंदू म्हणजे तू. सगळ्यात जास्त मागायचं आणि स्वतःजवळ साठा म्हणून ठेवायचा नाही."

शब्दकोशामागच्या पुड्याकडे न बघण्याचा मी प्रयत्न केला.

आता आक्काच्या गाडीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशी येऊन अडलं. आक्काजवळ एक छोटी, जुनी, पिवळी गाडी होती. ती चालवताना आक्का रस्त्यावरच्या प्रत्येकाला वर्तणुकीबद्दल शेरे देत असे, त्यामुळे तिच्याबरोबर बसायला कोणी धजत नव्हतं. फक्त एक बाई बसायच्या. शाळेतल्या चित्रकलेच्या बाई, आक्काची मैत्रीण. त्या आता गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात होत्या आणि माणसं विसरल्या होत्या. भाचीला ओळखत नव्हत्या, आक्काचा चेहराही ओळखत नव्हत्या. पण पिवळ्या गाडीचा भोंगा वाजला की खिडकीशी यायच्या, चपला घालून तयार व्हायच्या. दर शनिवारी जेवणानंतर आक्का त्यांना घेऊन तळ्याला एक फेरी मारायची. तळ्याशी काय बोलायच्या ते मला माहीत नाही. बहुधा आक्काच बोलत असेल.

काही महिन्यांपूर्वी दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या आक्काची साखर एकदम उतरली. डॉक्टरने तिला ग्लुकोज पाजलं आणि मग हात जोडून सांगितलं, "बाई, इन्सुलिन घेऊन जेवला नाहीत तर असं होतं. सुई पुढे आणि ताट मागे, असं करू नका. खिशात साखर ठेवा. आणि पुन्हा एकदा असं झालं, तर गाडीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवायची. चालवताना झालं तर तुम्हीही जाल आणि आणखी कोणी जाईल."

"खिशात साखर? मी?" आक्का म्हणाली. "मागच्या बाकावर बसून तू हेच करायचास."

डॉक्टरला ती अजूनही 'मागचा बाक' म्हणते. तो रागावत नाही. दर शनिवारी संध्याकाळी दवाखाना बंद करून तो आमच्याकडे येतो, तिच्या साखरेचे आकडे बघतो आणि बिनसाखरेचा चहा डोळे मिटून पितो.

तर तो शनिवार. बायको सकाळीच दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. मागची दाढ किडली होती. साखर नसलेल्या घरात दाढ कशी किडते याचं आक्काला नवल वाटत होतं आणि तिने त्याचा दोष पाण्यावर ठेवला होता. जेवायच्या आत परत येते, भात करून ठेवलाय, असं सांगून बायको गेली. दुसऱ्या दिवशी चिरंजिवांची शर्यत होती. शर्यतीच्या आदल्या दिवशी स्नायूंची कोठारं काठोकाठ भरायची असतात, म्हणून ते उठल्यापासून खात होते. आधी पाव संपला. मग केळी संपली. मग पातेल्याचा आवाज आला. मी वाचत होतो, मला वाटलं, मुलगा पातेलं घासतोय. घासतच होता म्हणा, पण चमच्याने.

जेवणाचा ठोका पडला. आक्का उठली, इंजेक्शन घेतलं, हात धुतले, ताट समोर घेऊन ताठ बसली. मी स्वयंपाकघरात गेलो. पातेलं इतकं स्वच्छ होतं की ते पुन्हा धुवायची गरज नव्हती.

"आक्का, भात संपलाय. इंजेक्शन जरा थांबून घेतेस का?"

"घेतलं. ठोका पडला ना?"

"पण भात नाही."

"इंजेक्शनचा तास वेगळा, भाताचा वेगळा. एक शिक्षक उशिरा आला म्हणून दुसऱ्याने वर्गावर जायचं नाही का?"

आक्कापुढे मला उत्तरं सुचतात ती रात्री अंथरुणात. मी घाईघाईने तांदूळ धुऊन शेगडीवर ठेवला, पाणी जास्त झालं की कमी याची शंका आली म्हणून आणखी थोडं घातलं, आणि तिच्यासमोर पुस्तक घेऊन बसलो.

साखर उतरू लागली की काय होतं ते पुस्तकात छान दिलेलं असतं. माणूस चिडतो, मोठ्याने बोलतो, हट्ट करतो, आपण म्हणतो तेच खरं असं त्याला वाटतं. अडचण अशी की आक्काच्या बाबतीत ही सगळी लक्षणं साखर अगदी बेताची असतानाही दिसत. ती म्हणाली, "या घरात एक चमचा जागेवर सापडेल तर शपथ." हे रोजचं. ती म्हणाली, "पाठ सरळ. पुस्तक डोळ्यांत घालणार आहेस का?" हेही रोजचं. कपाळावर घाम आला होता, पण खोलीत उकडत होतं, मलाही आला होता. मी पान उलटलं.

मग आक्का हळू आवाजात म्हणाली, "धाकट्या, तुला काय वाटतं रे?"

मी वर पाहिलं.

"आज बाजारातून जावं की तळ्याच्या कडेने? तू म्हणशील तसं."

माझ्या हातातलं पुस्तक खाली पडलं. आम्ही दोघं म्हातारे झालो, पण आक्काने आजवर मला कधीही, कशाहीबद्दल, मला काय वाटतं ते विचारलं नव्हतं. मला काय वाटतं ते तीच मला सांगायची. यकृतातली साखर इन्सुलिनने बाहेर येऊ दिलेली नाही, मेंदूपर्यंत काही पोहोचत नाही, हे मला त्या एका प्रश्नावरून कळलं.

"चिरंजीव!" मी हाक मारली. ते आतल्या खोलीत पायांखाली उशी घेऊन स्नायूंना विश्रांती देत होते. डोळे चोळत बाहेर आले.

"काय झालं, बाबा?"

"आत्याची साखर उतरलीय. काहीतरी गोड हवं. लगेच."

चिरंजिवांनी आत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग क्षणभर माझ्या शब्दकोशांकडे. म्हणाले, "पण घरात साखर कुठाय?"

आणि मी, सवयीने, म्हणालो, "हो ना. घरात साखर नाही."

वर्षभर म्हटलेलं वाक्य. तोंडातून किती सफाईने बाहेर आलं. आम्ही बापलेक एकमेकांकडे बघत उभे राहिलो. मला त्याचे बूट दिसत होते, त्याला माझी मांडणी दिसत होती, आणि दोघंही दुसऱ्याने आधी हलावं म्हणून वाट बघत होतो. हे सगळं दोन श्वासांत झालं असेल, पण तेवढ्यात आक्का उठली, खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली आणि डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात घालू लागली.

"आत्या, कुठे निघालीस?"

"ती खिडकीत उभी असेल," आक्का म्हणाली.

दार उघडलं. बायको आत आली, गालावर हात, अर्धं तोंड बधिर. तिने आक्काच्या चपला पाहिल्या, कपाळ पाहिलं, आम्हा दोघांचे चेहरे पाहिले. बोलता येत नव्हतं हे एका परीने बरंच झालं, कारण तिला आम्हाला जे म्हणायचं होतं ते ऐकायला वेळ नव्हता. ती तडक न्हाणीघरात गेली आणि सोड्याचा डबा घेऊन आली.

"आई, अगं, सोडा काय पाजतेस तिला!" चिरंजीव म्हणाले. डब्यात काय आहे ते माहीत असून म्हणाले. सवय.

बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते वळले, आणि बूट घेऊन आले. मग मीही शब्दकोश खाली ओढले.

पण आक्का तोंड उघडेना. बायकोने चमचा पुढे केला तर डब्याकडे बोट दाखवून म्हणाली, "धुण्याचा सोडा. वाचता येतं मला." चिरंजिवांनी पाकीट फाडलं तर म्हणाली, "बुटातलं मी खात नाही." मेंदू उपाशी असला तरी तिची शिस्त उपाशी नव्हती. किल्ली मुठीत आवळलेली होती. मी माझी वडी पुढे केली. तिने ती बोटांत धरून उजेडात पाहिली.

"खडू," ती म्हणाली. "अर्धवट तुटलेले खडू पेटीत ठेवायचे नाहीत."

ते मला कसं सुचलं, सांगता येणार नाही. बहुधा सुचलं नाही, नुसतं तोंडातून निघालं. "बाई," मी म्हणालो, "चवीचा प्रयोग राहिलाय. तास संपत आला."

आक्काचा हा जुना प्रयोग. धडा शिकवताना ती वर्गाला पावाचा तुकडा चावत ठेवायला लावायची. चावता चावता तो गोड लागायला लागतो, कारण पिष्टाची साखर व्हायला तोंडातच सुरुवात होते. आक्काची पाठ ताठ झाली. तिने आमच्याकडे नीट पाहिलं. कोण दिसलं तिला, देव जाणे. "वर्गात शांतता हवी," ती म्हणाली.

आम्ही ओळीत उभे राहिलो.

"सगळ्यांनी घ्या. माझ्या एकटीने करून काय उपयोग?"

आम्ही तिघांनी एकेक वडी उचलली. "तोंडात ठेवा. गिळायची नाही." आणि तिने स्वतःची वडी जिभेवर ठेवली. वर्षभर ज्या बाईच्या पाठीमागे आम्ही साखर खाल्ली, तिच्यासमोर ओळीने उभे राहून, तिच्याच हुकमाने, आम्ही साखर चघळत होतो. बायकोच्या बधिर ओठातून पाक गळत होता.

"काय निरीक्षण?" आक्काने विचारलं.

"गोड, बाई," चिरंजीव म्हणाले.

"एका निरीक्षणावर विसंबायचं नाही. पुन्हा."

प्रयोग तीन-चार वेळा झाला. मग ती खुर्चीत बसली. बायकोने तिच्या मुठीतून किल्ली हळूच सोडवून टेबलावर ठेवली. घड्याळ टिकटिकत होतं. साखर मोजायचं मीटर आणायचं कोणाला सुचलं नाही. मला तर अजिबात नाही, आणि मी मीटरवर एक अख्खं प्रकरण वाचलेलं होतं. थोड्या वेळाने आक्काने कपाळ पुसलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तिघं असे काय आ वासून उभे आहात? भात करपलाय, कोणाला वास येतोय की नाही?"

इतकं सुंदर वाक्य मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

ती करपलेला भात जेवली. जेवताना तिची नजर टेबलावरून फिरत होती: सोड्याचा डबा, चिरंजिवांचा बूट, माझा पुडा. मधेच थांबून तिने दातांवरून जीभ फिरवली.

"माझ्या तोंडात साखर आहे," ती म्हणाली. "केव्हापासून चाललंय हे?"

"तुझ्या नियमाच्या दुसऱ्या दिवसापासून," मी म्हणालो.

"तिघंही?"

"तिघंही."

तिने ताट बाजूला सारलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती टेबलावरच्या किल्लीकडे बघत होती.

बायकोची जीभ तोवर जरा मोकळी झाली होती. ती आक्काशेजारी बसली. "वन्सं, ऐका. संध्याकाळी तो येईल. तुम्ही आमच्या डब्यांचं काढू नका, आम्ही तुमच्या चक्करेचं काढत नाही. कळलं तर तो शनिवारची फेरी बंद करेल, दुसरं काय? आणि तुम्ही यापुढे खिशात साखर ठेवा म्हणजे झालं. कोणाला कळतंय?"

"उद्या ती चालवताना पुन्हा..." मी म्हणू लागलो, पण बायकोने पाहिलं आणि मी गप्प झालो. त्या घरात त्या दिवशी ठाम मत असण्याचा अधिकार मी गमावला होता. आक्का हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. फक्त इतकंच म्हणाली, "ती आज खिडकीत उभी राहिली असेल."

संध्याकाळी डॉक्टर आला. खुर्चीत टेकला, चहाकडे बघून उसासा टाकला. "काय बाई, आठवडा कसा गेला?"

"उत्तम," मी म्हणालो.

"छान," बायको म्हणाली.

"एकदम ओके," चिरंजीव म्हणाले.

तिघांची उत्तरं इतकी पटापट आली की डॉक्टरने कप खाली ठेवला. "चक्कर वगैरे? घाम?"

"छे," आम्ही म्हणालो.

आक्का उठून उभी राहिली. "मागच्या बाका, या तिघांच्या शब्दावर जाऊ नकोस. यांनी तुला वर्षभर सांगितलं, घरात साखर नाही. हा बघ सोड्याचा डबा. हा बूट. हे याच्या शब्दकोशामागे होतं. आज दुपारी माझी साखर उतरली होती. मी ठोक्यावर सुई घेतली, ताट नव्हतं. या लोकांनी मला वाचवलं आणि आता मला वाचवण्यासाठी खोटं बोलतायत."

डॉक्टर अवघडला. त्याला किल्ली नको होती, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याने मीटर चाळलं. "पण बाई, दुपारचा आकडाच नाही यात. म्हणजे नक्की उतरली होती असं मी कसं म्हणू?"

"थर्मामीटर लावला नाही म्हणून ताप येत नाही का?" आक्का म्हणाली. "तुला मी कधी एक गुण वाढवून दिला होता?"

"नाही, बाई."

"मग तू मला देऊ नकोस." आणि तिने किल्ली त्याच्या कपाशेजारी ठेवली.

डॉक्टरने ती बराच वेळ उचलली नाही. मग खिशात घातली आणि हळूच विचारलं, "आता चहात थोडी साखर मिळेल का?" बायकोने सोड्याचा डबा पुढे केला.

रविवारी चिरंजीव शर्यतीला गेले, पण पाकिटं आक्काने जप्त केली होती. बराच पल्ला त्यांनी आदल्या दिवशीच्या आमच्या भातावर मारला. मग कोठार संपलं आणि ते रस्त्याकडेला बसले. शर्यतीच्या गाडीतून त्यांना परत आणलं. त्यात कोणीतरी त्यांना साखरपाणी पाजलं होतं. ते आठवडाभर कमी बोलत होते.

साखरेचा मूळ डबा आता पुन्हा ओट्यावर उभा आहे. आक्काने त्यावर कागद चिकटवून स्वच्छ अक्षरात 'साखर' असं लिहिलं आहे. इंजेक्शन आता ठोक्यावर नसतं. ताट समोर आलं की असतं. स्वयंपाकामागे ठोक्याची घाई उरली नाही, याचं बायकोला दुःख झालं असं वाटत नाही. मला मात्र वडी शब्दकोशामागून काढल्याशिवाय गोड लागत नाही, म्हणून मी ती अजूनही तिथेच ठेवतो. आक्काला माहीत आहे.

पुढच्या शनिवारी जेवण झाल्यावर आक्का खुर्चीत बसून होती. कुठेच बघत नव्हती. चिरंजीव धावून आले, घामाघूम, आणि मोज्यातून गाडीची किल्ली काढली. धावता धावता दवाखान्यात जाऊन डॉक्टरकडून ती मागून आणली होती. "चल, आत्या," ते म्हणाले. "मी चालवतो. मला उद्या धावायचं नाहीये."

हा मुलगा दर शनिवारी स्वतःच्या पायांपलीकडे बघत नसे. स्नायू साखर परत देत नाहीत असं आक्काच्या धड्यात आहे, आणि ते बरोबरच आहे. पण मी एका जाड पुस्तकात वाचलं होतं, जोरात काम केलेले स्नायू आम्लासारखं काहीतरी रक्तात टाकतात, ते यकृतात जातं आणि तिथे त्याची पुन्हा साखर होते. म्हणजे सरळ देत नाहीत, पण फेऱ्याने देतात. मी हे आक्काला सांगावं असं मनात आणलं. मग वाटलं, नको, मी चुकीचं वाचलं असेल.

मी मागच्या सीटवर, मांडीवर वड्यांनी भरलेला साखरेचा डबा घेऊन. आक्का पुढे, चिरंजिवांच्या शेजारी. आश्रमाच्या फाटकाशी गाडी थांबली. आक्काने हात लांबवून त्यांच्या पुढ्यातला भोंगा दाबला. खिडकीत पडदा हलला. चित्रकलेच्या बाई चपला घालून खाली आल्या, माझ्याशेजारी मागे बसल्या आणि तळ्याच्या वळणापर्यंत काहीच बोलल्या नाहीत.

वळणावर एक सायकलवाला अचानक आडवा आला. चिरंजिवांनी गाडी हळू केली, त्याला जाऊ दिलं, आणि पुन्हा निघाले. आक्काचं तोंड उघडलं होतं. तिने ते मिटलं.

चित्रकलेच्या बाई माझ्याकडे वळल्या. "हा ड्रायव्हर बरा आहे," त्या म्हणाल्या. "आधीची बाई फार ओरडायची."

मी डब्याचं झाकण घट्ट दाबून धरलं.

"हो," आक्का पुढे बघत म्हणाली. "मीही ऐकलंय तिच्याबद्दल."

मग तिने मागे हात केला. मला आधी कळलं नाही, मग मी डबा दिला. तिने झाकण उघडून तो आधी मैत्रिणीपुढे धरला. त्या बाईंनी दोन वड्या घेतल्या, आणि आक्काने, वेळ कुठली आहे ते न बघता, एक.